स्वेटर आणू का?

माणूस गावाला निघाला की त्याला तिकिटाच्या आधी कपड्यांची काळजी पडते. काशीयात्रेला निघालेल्या माणसानेसुद्धा पुण्याचा विचार नंतर आणि धाबळीचा आधी केलेला असतो. (पुण्याचा म्हणजे पाप-पुण्यातल्या पुण्याचा. मुठेकाठच्या पुण्याचा विचार काशीला निघालेला माणूस कशाला करील? तो सदाशिव पेठेतला असला तर करील म्हणा.)

आमच्याकडे वाकडला येणारे पाहुणेही याला अपवाद नाहीत. निघण्याआधी फोनवर ते तीन प्रश्न विचारतात. पहिला, "उतरायचं कुठे?" दुसरा, "तिथून रिक्षावाला किती घेईल?" आणि तिसरा, आवाज जरा खाली आणून, "स्वेटर आणू का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे : हायवेच्या पुलापाशी, आणि ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. दुसऱ्याचं उत्तर देव आणि रिक्षावाला या दोघांनाच ठाऊक असतं. तिसऱ्याचं उत्तर मी गेली बावीस वर्षं देतो आहे आणि ते 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही, एवढं आता शपथेवर सांगू शकतो. वाकडची हवा समजून घ्यायची तर थोडी वाकडी वाट करावीच लागते.

मुळात हा प्रश्न निघतो कुठून? तो निघतो 'पुण्याची हवा' या दोन शब्दांतून. या हवेचा लौकिक जुना आहे. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईचे गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत आणि हिवाळ्यात मुंबईला राहत. (तीन हवांना तीन बंगले! सामान बांधण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.) गणेशखिंडीतल्या त्या बंगल्यात आज विद्यापीठ आहे. पुढे १९२८ साली तर खुद्द हवामान खात्याने आपलं मुख्य बिऱ्हाड सिमल्याहून पुण्याला हलवलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. साऱ्या देशाची हवा मोजणाऱ्यांनी राहायला पुणं निवडलं म्हटल्यावर पुणेकराला आणखी पुरावा लागतच नाही. १९४४ साली ते मुख्यालय दिल्लीला गेलं, हा भाग तो सांगत नाही. परिणाम असा झाला आहे, की परगावच्या माणसाला पुणं म्हणजे सिमल्याची धाकटी पाती वाटते, आणि वाकड हे पुण्याच्याही पश्चिमेला, घाटाच्या बाजूला आहे असं कळलं की तो माळ्यावरची ट्रंक खाली काढतो.

शाळेत आपल्याला तीन ऋतू शिकवले. पंचांगात सहा आहेत. मी बावीस वर्षांच्या मुक्कामानंतर चारावर आलो आहे : उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर आणि हिवाळा. ऑक्टोबर हा महिना आहे, ऋतू नव्हे, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी ऑक्टोबरात भर दुपारी दोन वाजता डांगे चौकातल्या सिग्नलला हेल्मेट घालून उभं राहून दाखवावं.

आता एकेक ऋतू घेऊ.

उन्हाळा होळीच्या सुमारास येतो. तो कोरडा असतो. घाम येतो तो आल्या पावली वाळून जातो, त्यामुळे मुंबईहून आलेल्या पाहुण्याला पहिले दोन दिवस हा उन्हाळा आहे याचा पत्ताच लागत नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ फुटतात. चैत्रात हनुमान जयंतीला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड असतं. ते पाहायला अवश्य यावं, पण डोक्याला उपरणं गुंडाळून यावं. २०१९ च्या एप्रिलअखेरीला पुण्यात पारा ४३ अंशांवर गेला होता. १८९७ च्या एप्रिलात तो ४३.३ झाला होता; म्हणजे ऊन टिळकांच्या काळीही होतंच. मात्र तेव्हाचं ऊन संध्याकाळी आपल्या घरी जात असे, आताचं आमच्याकडे मुक्कामाला राहतं.

आमचे नागपूरचे मेव्हणे एकदा मे महिन्यात आले. येताना खिशात कांदा होता. ऊन बाधू नये म्हणून कांदा जवळ बाळगायची तिकडची रीतच आहे. दुपारी आमच्या गॅलरीत उभं राहून त्यांनी आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, "याले ऊन म्हणता का जी तुम्ही?" आणि तो कांदा त्यांनी बहिणीला भज्यांसाठी देऊन टाकला. रात्री अकराला मात्र ते उठून बसले. "कूलर कुठं हाय?" आमच्याकडे कूलर नव्हता. नागपूरला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घरोघरी असतो. नागपूरकराने उन्हाळा आहे हे मान्य केलेलं आहे, म्हणून तो सुखाने झोपतो. पुणेकराने ते अजून मान्य केलेलं नाही. 'पुण्याची हवा चांगली' असं तीन पिढ्या सांगितल्यावर कूलर आणायचा म्हणजे आजोबांना खोटं पाडण्यासारखं आहे. आम्ही पेठेतला वाडा सोडून इथे आलो तेव्हा समोर ज्वारीचं शेत होतं आणि मे महिन्यातही पहाटे पायाशी पांघरूण लागे. आता शेताच्या जागी बावीस मजले आहेत. दिवसभर तापलेलं ते सिमेंट रात्री दहानंतर आपली ऊब परत करायला बसतं आणि ती आमच्याच खिडकीतून परत करतं. मेव्हणे निघताना म्हणाले, "तुमचं ऊन काहीच नाही. तुमची रात्र खराब हाय." वाकडच्या हवेवर इतका अचूक शेरा मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. तेव्हा, उन्हाळ्यात येणाऱ्यांनी सुती कपडे आणावेत, आणि दिवसाच्या कपड्यांपेक्षा रात्रीच्या कपड्यांचा विचार जास्त करावा.

शिवाय छत्री आणावी. हो, मे महिन्यात! दुपारी चारपर्यंत रखरखाट असतो, साडेचारला हिंजवडीच्या बाजूने आभाळ काळं होतं, पावणेपाचला वीज जाते आणि पाचला वळीव असा कोसळतो की गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांचा पुन्हा चीक होतो. कधी गाराही पडतात. त्यातून आता पावसाचंही काही खरं राहिलेलं नाही. पुण्यात मोसमी पाऊस पोचायची ठरलेली तारीख १० जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन दाखल झाला. न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी त्याने सगळ्यांची धांदल उडवली. कोणाची पापडं गच्चीवर, कोणाच्या छत्र्या माळ्यावर!

आता पावसाळा. वाकडच्या पावसाला भिऊन येऊ नका. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्री चढताना पाण्याचा मोठा वाटा कोकणावर आणि घाटमाथ्यावर ओतून मोकळे होतात. लोणावळा आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो सातशे-साडेसातशे. पंगतीतच सांगायचं तर लोणावळ्याच्या पानावर जिलब्या आणि आमच्या पानावर ताटाच्या कडेने ओघळलेला पाक. माझी थोरली बहीण रत्नागिरीला दिलेली. तिथे तीन हजारांवर पाऊस. ताई एकदा जुलैत आली होती. शेजारच्या बाई तिला मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, "बघा, आठ दिवस झाले, सारखा चालू आहे." ताईने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "चालू आहे होय? मला वाटलं मांजराने अंग झटकलं."

पण या पावसाचा त्रास पडण्यात नाही, न थांबण्यात आहे. तो भिजवत नाही आणि वाळूही देत नाही. आमच्या प्रत्येक फ्लॅटला स्वयंपाकघराच्या मागे एक चिंचोळी जागा असते, तिला बिल्डर लोक 'ड्राय बाल्कनी' म्हणतात. जुलै-ऑगस्टात या ड्राय बाल्कनीत चार दिवस टांगलेला टॉवेल पाचव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा ओला निघतो. जीनची विजार तर आणूच नये. ती आषाढात धुतली तर गणपतीत घालायला मिळते. चटकन वाळणारे, गडद रंगाचे कपडे आणावेत, कारण इथे कुठे ना कुठे पाया खणलेला असतोच आणि त्यातली लाल-काळी माती सर्वांच्या पाठीवर समान वाटली जाते. चामड्याच्या चपला घरी ठेवाव्यात. आतले कपडे, स्पष्टच सांगतो, दुप्पट आणावेत.

पावसाळ्यात सामान कसं बांधावं हे ज्याला शिकायचं असेल त्याने ज्येष्ठ वद्य पक्षात आकुर्डीला यावं. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. आम्ही दोघं दरवर्षी दर्शनाला जातो. पंढरपूरपर्यंत जवळजवळ तीन आठवड्यांची चाल, वर मृग-आर्द्राचा पाऊस, आणि एकेकाच्या खांद्याला एक पिशवी! एका वर्षी आमच्या सौ.ने तिथल्या एका म्हाताऱ्या वारकरीणबाईंची पिशवी डोळ्यांनीच मोजली. एक लुगडं, एक पितळी, अंगावर घ्यायला प्लॅस्टिकचा कागद, बुक्क्याची पुडी. हिला राहवेना. "एवढ्यात कसं भागतं हो तुमचं?" बाई हसल्या, म्हणाल्या, "लागलंच काय तर मागायचं. देत्यात की मानसं." आम्ही परत येताना ही बराच वेळ काही बोलली नाही. महाबळेश्वरला दोन दिवसांसाठी आम्ही पाच डाग नेले होते, त्याचा हिशेब मनात चालला असावा.

तिसरा ऋतू ऑक्टोबर. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो. त्या पावसाला आमच्याकडे 'हत्ती' म्हणतात, आणि तो गरजत, सोंड आपटत येतो. मग हत्ती निघून जातो आणि मागे दलदल व ऊन एकदमच राहतं. जमीन ओली, आभाळ निरभ्र. खालून वाफ, वरून कढ. माणसाचा मोदक होतो. या दिवसांत पाहुण्यांनी काय आणावं? शक्यतो पुढची तारीख आणावी. दिवाळीपर्यंत थांबावं. नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून बसलं की मोरीच्या खिडकीतून पहिला गार झोत पाठीवर येतो, आणि अंगावर काटा उभा राहतो. त्या काट्यासाठी यावं.

आणि आता हिवाळा, म्हणजे मूळ प्रश्न. पुण्याचा हिवाळा ही फसवण्याची कला आहे. जानेवारीतली सरासरी पाहा : पहाटे अकरा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या घरात. एका दिवसात अठरा अंशांची उडी! याचं कारण म्हणजे आपण समुद्रापासून दूर, साडेपाचशे मीटर उंचीवर. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. ढगाचं पांघरूण नसलं की जमिनीची दिवसभरची ऊब रात्री वर निघून जाते, आणि सूर्य आला की तितक्याच लगबगीने परत येते. १९३५ च्या जानेवारीत पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, ही गोष्ट मला माझ्या वडिलांनी सांगितली, त्यांना त्यांच्या वडिलांनी. दर पिढीत तो थोडा खाली सरकत गेला, पण खात्याच्या दप्तरात १.७ च आहे. आता थंडीही सगळ्यांना सारखी मिळत नाही. एकाच पहाटे पाषाणला वेगळा आकडा, चिंचवडला चार-पाच अंशांनी वेगळा. जिथे झाडी-मोकळं रान तिथे थंडी जास्त, जिथे इमारती तिथे कमी. आमच्या वाकडला नदीकाठी कस्पटे वस्तीकडे फिरायला गेलं तर कानटोपी लागते, आणि तिथून घरी येऊन सहाव्या मजल्यावर पोचलं की ती खिशात घालावी लागते.

दिल्लीचा पुतण्या आला होता डिसेंबरात. "काका, ही काय थंडी आहे?" असं म्हणून तो टी-शर्टवर फिरला आणि चौथ्या दिवशी शिंकायला लागला. दिल्लीची थंडी सांगून-सवरून, ढोल वाजवीत येते; माणूस तयारीत असतो. आमची थंडी पहाटे पाच ते आठ येते आणि काम आटोपून जाते. नेमक्या त्याच वेळात कोल्हापूरच्या, नागपूरच्या, कोकणातल्या साऱ्या बसगाड्या पाहुण्यांना हायवेवर उतरवीत असतात! पुलाखालच्या त्या वाऱ्यात रिक्षाची वाट पाहत काढलेली वीस मिनिटं, एवढाच पुष्कळांच्या वाट्याला येणारा वाकडचा हिवाळा. त्या वीस मिनिटांसाठी लोक चार दिवस स्वेटर वागवतात. दुपारी तोच कमरेला बांधून सिंहगड चढतात.

एक पाचवी हवाही आहे, ती हिंजवडीच्या कंपन्यांत बारा महिने बाटलीबंद करून ठेवलेली असते. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा भर मे महिन्यात जाकीट घेऊन कामावर निघतो. त्याची आई केरळातली. ती मला काळजीने विचारते, "याला ताप तर नाही ना?" पाहुण्यांना त्या हवेशी कर्तव्य नाही, म्हणून ती सोडून देतो.

एवढं सगळं फोनवर सांगितलं की पाहुणा काय करतो? सगळंच घेऊन येतो! आणि इथेच माझी खरी तक्रार आहे.

दोन वर्षांपूर्वी पौषात ताई आली. बहात्तराव्या वर्षी, एकटी, दोन बॅगा घेऊन. पहिल्या बॅगेत स्वेटर, शाल, कानटोपी, पायमोजे, मफलर. दुसरीत स्वतःची चादर, स्वतःचं पांघरूण, टॉवेल, साबण, गरम पाण्याचा थर्मास, सुंठ, वेखंड आणि रात्री लागला तर म्हणून टॉर्च. "अगं, हे काय?" मी म्हटलं. म्हणाली, "तुम्हाला त्रास नको." चार दिवस राहिली. सौ.ने तिच्यासाठी उन्हात घालून ठेवलेली गोधडी घडी न मोडता पलंगाच्या कडेला पडून होती. पाचव्या दिवशी ताई गेली. तिच्या खोलीत उभं राहून पाहिलं तर कुणी येऊन गेल्याची खूणच नाही. हॉटेलातल्या माणसानेसुद्धा निदान एक टॉवेल तरी ओला केलेला असतो. ही गोधडी उचलून परत कपाटात ठेवीत म्हणाली, "वन्सं आल्या होत्या ना हो?"

वाड्यात असं नव्हतं. तिथे दोन खोल्यांत आम्ही सहाजण राहत होतो आणि पाहुणा येई तो एका पिशवीनिशी. त्या पिशवीतही बहुधा आमच्यासाठीच आणलेलं काहीतरी असे. धोतर वडिलांचं नेसे, पंचा माझा घेई, आणि थंडी असली तर खुंटीवरचा स्वेटर अंगात चढवी. हा स्वेटर १९७१ च्या हिवाळ्यात आईने विणला, बाटलीसारख्या हिरव्या रंगाच्या लोकरीचा. विणला होता वडिलांसाठी, पण माप चुकून तो असा काही झाला की कोणालाच नीट होत नव्हता आणि म्हणून सगळ्यांना होत होता. त्याचं नावच 'पाहुण्यांचा स्वेटर' पडलं. आजही आमच्या कुठल्याही नातेवाइकाकडे जा आणि जुना आल्बम उघडा. पर्वतीच्या पायऱ्यांवर सातारचे काका, अंगात हिरवा स्वेटर. शनिवारवाड्यापुढे मिरजेचे मामा, तोच स्वेटर. सारसबागेत नव्या नवरीसह मावसभाऊ, तोच. फोटो काळे-पांढरे असले तरी डाव्या खांद्यापाशी ओघळलेली ती वीण लपत नाही. अनोळखी माणसाला वाटावं, की एकच गृहस्थ वीस वर्षं डोकी बदलून पुणं पाहायला येत होता.

वाडा गेला, खुंटी गेली, स्वेटर डांबराच्या गोळ्यांसह वाकडच्या कपाटात आला. इथे खोल्या तीन, कपाटं पाच, पांघरुणांची चळत छतापर्यंत. आणि कोणी काही मागत नाही! लोकांची ऐपत वाढली हे चांगलंच झालं. पण पाहुणा आपलं पांघरूण घेऊन आला की यजमानाच्या हातात चहा करण्यापलीकडे काही उरत नाही, आणि हल्ली चहाही पुष्कळांना बिनसाखरेचा लागतो.

म्हणून या खेपेस मार्गशीर्षात ताईने फोन करून नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी अठरा अंशांचा हिशेब सांगितलाच नाही. म्हटलं, "काही आणू नको. चष्मा आण, गोळ्या आण आणि ये."

"आणि थंडी वाजली तर?"

"मागून घे."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "बरं."

ती आली. पहाटे सव्वापाचला पुलाखाली उतरली, हातात एक कापडी पिशवी, त्यात आमसुलं आणि फणसपोळी. वारा चांगलाच बोचत होता. माझ्या काखेत तो हिरवा स्वेटर होता. मी काही बोलायच्या आतच तिने हात पुढे केला. "आण इकडे." घातला आणि दिव्याखाली जाऊन डावी बाही उलटून पाहिली. "हा बघ टाका. आईचा इथे टाका चुकलाय. मी शेजारी बसून तिला माझा शाळेतला निबंध वाचून दाखवत होते. मला म्हणाली, 'कार्टे, तुझ्या निबंधापायी माझी ओळ गेली.'" पन्नास वर्षं तो स्वेटर माझ्या घरात आहे, पण त्यातला हा टाका मला माहीत नव्हता.

चार दिवस तिने तो अंगातून काढला नाही. दुपारी तीसच्या घरातसुद्धा! सौ.ची गोधडी घेतली, माझा मफलर घेतला, रात्री दोनदा उठवून गरम पाणी मागितलं. आमची ही इतकी खूश होती की विचारू नका. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून दिलं. बस हलली तेव्हा ताई खिडकीतून हात करीत होती, आणि हाताला हिरवी बाही होती. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी बसच्या नंबराकडे पाहिलं.

आता रत्नागिरीला स्वेटरचं काय काम? तिथे हिवाळा येतो तोही घाम पुशीत. फोनवर मी सहज म्हणून विषय काढला. म्हणाली, "पहाटे तुळशीला पाणी घालताना घालते. जरा गार वाटतं हल्ली."

असो. वाकडला येऊ इच्छिणाऱ्या सर्व आप्तेष्टांस कळवण्यात येतं, की पांघरूण, उशी, पंचा, छत्री, कानटोपी आणि गरम पाणी आमच्याकडे मिळेल, आणि मागून घेतलेलं आम्हाला आवडेल. स्वेटर मात्र पुढील सूचना मिळेपर्यंत ज्याचा त्याने आणावा. ताईने तो घेऊन परत यायचं कबूल केलं आहे. कधी येतेस, असं विचारल्यावर ती म्हणाली, "तिकडे थंडी पडली की कळव."